आतड्याच्या तपासणीतील मुरडा आणि त्यावरचे इंजेक्शन: कोणाला, केव्हा, किती

सीटी कोलोनोग्राफीसाठी, म्हणजे मोठ्या आतड्यात हवा भरून काढल्या जाणाऱ्या सीटी स्कॅनसाठी, आलेला रुग्ण टेबलावर आडवा झाला की बहुधा एकच प्रश्न विचारतो: ‘भूल देणार ना?’ नाही म्हटले की त्याचा चेहरा उतरतो. वास्तविक या तपासणीतील त्रासावर भूल हा उपाय नाही. येथे दुखते ते मुख्यतः आतड्याच्या स्नायूंना पीळ पडल्यामुळे, आणि तो पीळ पंधरा-वीस मिनिटे सोडवून ठेवणारे एक साधे, जुने आणि स्वस्त इंजेक्शन आपल्याकडे मिळते. ते कोणाला द्यावे, कोणाला देऊ नये, कोणत्या क्षणी द्यावे आणि दिल्यानंतर कशावर लक्ष ठेवावे, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. लेख रुग्ण आणि नातेवाईक यांच्यासाठी आहे. क्ष-किरण विभागात नव्याने रुजू झालेल्या परिचारिका आणि तंत्रज्ञांनाही तो उपयोगी पडावा. मात्र येथे दिलेली मात्रा ही माहिती आहे. प्रत्यक्ष निर्णय तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचाच असतो.

त्रास नेमका कशाचा होतो

मोठे आतडे एरवी मिटलेल्या पिशवीसारखे असते. त्याच्या आतल्या भिंतीवर उगवलेला लहानसा कोंब दिसायचा असेल, तर ती पिशवी फुगवावी लागते. सीटी कोलोनोग्राफीत गुदद्वारातून बारीक, मऊ नळी सारून कार्बन डायऑक्साइड सोडला जातो. बेरियम एनिमात बेरियमचे द्रावण आणि हवा भरतात. लहान आतड्याच्या एमआरआयमध्ये रुग्णाला लिटर-दीड लिटर द्रव प्यायला देतात. मार्ग वेगवेगळे असले, तरी आतडे ताणणे हे तिन्हींचे उद्दिष्ट आहे.

आतड्याची भिंत ताणली गेली की तिच्यातील स्नायू आकसून उत्तर देतात. एकदम भरल्यास अधिक जोराने आकसतात. पोटात कळ येते, मुरडा उठतो, तडस लागल्यासारखे वाटते आणि शौचाला जायची तीव्र भावना होते. आतड्यात कुठेही जखम न होता हा त्रास होऊ शकतो, हे रुग्णाला आधी सांगितलेले असले की त्याची निम्मी भीती जाते.

मुरड्याचा दुसरा तोटा रुग्णाला जाणवत नाही, तो चित्रात दिसतो. आकसलेला भाग अरुंद, जाड भिंतीचा भासतो, आणि असाच अरुंद, जाड भाग कर्करोगाच्या गाठीमुळेही होतो. दोन्हींतील फरक ठरवता आला नाही, तर अहवालात संशय नोंदवावा लागतो, आणि रुग्णाला पुन्हा जुलाब घेऊन दुर्बिणीच्या तपासणीसाठी यावे लागते. म्हणून पीळ सोडवणाऱ्या औषधाकडे केवळ रुग्णाची सोय म्हणून पाहणे मला पटत नाही. ज्या कारणाने रुग्णाला दुखते, त्याच कारणाने चित्र बिघडते. इंजेक्शन दोन्ही कामे एकदमच करते.

हायोसिन: धोत्र्याच्या कुळातले औषध

या कामासाठी भारतात आणि युरोपात सर्वाधिक वापरले जाणारे औषध म्हणजे हायोसिन ब्युटिलब्रोमाइड. ‘बस्कोपॅन’ या नावाने ते बहुतेकांना ठाऊक असते. जर्मनीत ते १९५१ साली बाजारात आले. त्याचा मूळ घटक डुबॉयसिया नावाच्या ऑस्ट्रेलियन झाडाच्या पानांतून मिळवतात, आणि हे झाड आपल्या धोत्र्याच्याच कुळातले आहे.

धोत्र्याचा उल्लेख मुद्दाम केला. धोत्रा पोटात गेलेल्या माणसाची लक्षणे खेड्यापाड्यांत परिचित असतात: तोंडाला कोरड, बाहुल्या मोठ्या, डोळ्यांपुढे अंधुक, छातीत धडधड, लघवी तुंबलेली आणि मन भ्रमिष्ट. हायोसिनचे दुष्परिणाम याच यादीतून, पण अगदी सौम्य प्रमाणात येतात. यातील शेवटचे लक्षण मात्र सहसा येत नाही, कारण ब्युटिलब्रोमाइड हे रूप मेंदूत जवळपास शिरतच नाही. रुग्ण पूर्ण शुद्धीवर राहतो, बोलतो, स्वतः कुशीवर वळतो. येथे परिचारिकांसाठी एक सूचना आहे: हायोसिन हायड्रोब्रोमाइड हे नावाने जवळचे, पण मेंदूवर परिणाम करणारे निराळे औषध आहे. इंजेक्शन भरण्यापूर्वी कुपीवरचे पूर्ण नाव मोठ्याने वाचण्याची सवय लावून घ्यावी.

एका कुपीत सामान्यतः १ मिलिलिटर द्रावणात २० मिलिग्रॅम औषध असते, आणि प्रौढ व्यक्तीसाठी नेहमीची मात्रा तीच, म्हणजे २० मिलिग्रॅम, शिरेतून सावकाश. मिनिटभरात परिणाम सुरू होतो आणि आतडे साधारण १५ ते २० मिनिटे सैल राहते. सीटीच्या दोन फेऱ्यांना एवढा वेळ पुरतो. याच औषधाच्या गोळ्या औषधाच्या दुकानात मिळतात आणि ‘इंजेक्शनऐवजी गोळी घेऊन येऊ का?’ असे रुग्ण विचारतात. गोळीतील औषध रक्तात अत्यल्प प्रमाणात शोषले जाते, त्यामुळे तपासणीसाठी तिचा उपयोग नाही. घरातल्या डब्यात असलेली पोटदुखीची मिश्र गोळी स्वतःच्या मनाने घेऊन येणे तर टाळावेच. तिच्यात बहुधा डायसायक्लोमिन असते, आणि त्यावर हायोसिन दिले की कोरड, धडधड आणि लघवीचा अडथळा या सर्वांत भर पडते.

वेळ घेतानाच विचारायचे प्रश्न

माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाची पायरी ही आहे, आणि प्रत्यक्षात तीच घाईत उरकली जाते. सुई टोचायच्या क्षणी, अर्धवट कपडे बदललेल्या, रात्रभर न झोपलेल्या रुग्णाला ‘काही आजार?’ असे विचारले तर तो ‘नाही’ असेच म्हणतो. प्रश्न वेळ देताना विचारावेत, लेखी विचारावेत आणि तपासणीच्या दिवशी पुन्हा एकदा पडताळून पाहावेत.

पहिला प्रश्न हृदयाविषयी. हायोसिनने नाडी वाढते. निरोगी माणसाला थोडी धडधड जाणवते आणि ती थांबते. पण नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेला असेल, छातीत वारंवार दुखत असेल, हृदयाची गती अनियमित असेल किंवा हृदय कमकुवत असल्याचे निदान झालेले असेल, तर हीच वाढलेली गती महागात पडू शकते. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०१७ मध्ये नेमकी हीच सूचना दिली: हृदयविकार असलेल्या रुग्णांत हे इंजेक्शन जपून वापरावे, त्यांच्यावर देखरेख ठेवावी आणि तातडीच्या उपचारांची साधने व ती वापरू शकणारी माणसे जवळ असावीत. अँजिओप्लास्टी काही वर्षांपूर्वी झाली असून आता प्रकृती स्थिर आहे, अशा व्यक्तीला इंजेक्शन कायमचे वर्ज्य ठरत नाही, पण तो निर्णय डॉक्टरांनी फाइल पाहून घ्यायचा असतो. म्हणून जुनी ईसीजी, टूडी इको आणि औषधांची चिठ्ठी सोबत आणावी. नाडी मुळातच जलद असेल, तर आधी तिचे कारण पाहावे. कित्येकदा ते नुसती भीती आणि रात्रभराच्या जुलाबाने झालेले निर्जलीकरण एवढेच असते.

दुसरा प्रश्न डोळ्यांचा, आणि त्याविषयी गैरसमज फार आहेत. ‘काचबिंदू आहे’ असे ऐकले की काही ठिकाणी इंजेक्शन सरसकट रद्द होते. काचबिंदूचे दोन मुख्य प्रकार आहेत. उघड्या कोनाच्या काचबिंदूत या एका मात्रेने सहसा अडचण येत नाही. धोका असतो तो अरुंद कोनाच्या आणि उपचार न झालेल्या काचबिंदूत, कारण बाहुली मोठी झाली की डोळ्यातील पाण्याचा निचरा तुंबून दाब एकदम वाढू शकतो. पंचाईत अशी की, धोका असलेल्यांपैकी पुष्कळांना आपला कोन अरुंद आहे हे माहीतच नसते. त्यामुळे केवळ प्रश्न विचारून हा धोका पूर्ण टळत नाही. तपासणीनंतर काही तासांत डोळा लाल होऊन दुखू लागला, अंधुक दिसू लागले किंवा दिव्याभोवती रंगीत वलये दिसली, तर वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे, ही सूचना प्रत्येक रुग्णाला लेखी दिली पाहिजे. काचबिंदूची आधीच माहिती असलेल्यांनी नेत्रतज्ज्ञाकडून प्रकार लिहून आणावा.

तिसरा प्रश्न विचारताना वयस्कर पुरुष संकोचतात, म्हणून तो स्पष्ट शब्दांत विचारावा: ‘लघवीची धार बारीक झाली आहे का? कधी लघवी अडकून नळी घालावी लागली होती का?’ प्रोस्टेट वाढलेल्या आणि लघवी आधीच अडखळत असलेल्या माणसाला हायोसिनने लघवी पूर्ण अडू शकते. सौम्य तक्रार असेल, तर टेबलावर जाण्यापूर्वी मूत्राशय रिकामे करून घेणे आणि नंतर लघवी होईपर्यंत थांबवून ठेवणे एवढे पुरते. पूर्वी लघवी अडकल्याचा इतिहास असेल, तर दुसरा पर्याय शोधावा.

मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायूंच्या दुर्बलतेचा आजार असलेल्यांना हे इंजेक्शन देत नाहीत. आतडे पूर्ण अडलेले असणे, आतड्याची हालचालच थांबलेली असणे किंवा तीव्र दाहाने मोठे आतडे धोकादायकरीत्या फुगलेले असणे, या स्थितींतही ते वर्ज्य आहे. तसे पाहता अशा रुग्णाच्या आतड्यात हवा भरण्याचा प्रश्नच यायला नको. पूर्वी या औषधाची ॲलर्जी आली असल्यास ती अर्थातच सांगावी. नैराश्यावरची किंवा झोपेसाठी दिलेली अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी, सर्दीची गुंगी आणणारी गोळी आणि दम्यासाठी ओढायची काही औषधे हायोसिनच्याच दिशेने काम करतात, म्हणून सर्व औषधांची नावे लिहून आणावीत. ‘ती पांढरी, बारकी गोळी’ या वर्णनावरून कोणालाच काही ओळखता येत नाही.

याच वेळी हर्नियाविषयीही विचारावे. त्याचा इंजेक्शनशी संबंध नाही, पण जांघेतील हर्नियात आतडे उतरलेले असेल, तर हवा भरताना तिथे तीव्र वेदना होतात आणि कोणतेही इंजेक्शन त्यावर चालत नाही. नुकतीच दुर्बिणीतून मोठी गाठ काढली असेल किंवा खोलवरचा तुकडा तपासणीसाठी घेतला असेल, तर तेही सांगणे आवश्यक आहे, कारण तिथली भिंत नाजूक असते. स्त्रियांनी गर्भधारणेची शक्यता असल्यास वेळ घेतानाच सांगावे.

आदल्या दिवशीचे औषध

रुग्णांना विचारले तर बहुतेक जण सांगतील की हवा भरण्यापेक्षा आदल्या रात्रीचा जुलाबच अधिक जड गेला. त्यामुळे त्रास कमी करण्याची सुरुवात इथूनच व्हायला हवी.

पॉलिएथिलीन ग्लायकोलचे द्रावण मोठ्या प्रमाणात प्यावे लागते आणि मळमळते. ते थंड करून, घोट घोट, पण ठरलेल्या वेळेत प्यावे. उलटी होत असेल, तर अर्धा तास थांबून पुन्हा सुरू करावे आणि डॉक्टरांनी आधी लिहून दिलेली ऑन्डान्सेट्रॉनची गोळी घ्यावी. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी सोडियम फॉस्फेटचे जुलाबाचे औषध टाळावे. सीटी कोलोनोग्राफीत उरलेला मळ वेगळा ओळखता यावा म्हणून आयोडीनयुक्त द्रव किंवा थोडे बेरियमही प्यायला देतात. आयोडीनचा द्रव चवीला कडवट असतो आणि त्याने जुलाब आणखी वाढतो, त्यामुळे तो लिंबाच्या सरबतात मिसळून घेतलेला बरा. वारंवार शौचाला जाऊन गुदद्वाराची आग होते. पहिल्या फेरीपूर्वीच तिथे पेट्रोलियम जेली किंवा खोबरेल तेल लावावे, कारण आग सुरू झाल्यावर लावून विशेष फायदा होत नाही.

‘काही खाऊ नका’ या सूचनेचा अर्थ आपल्याकडे हमखास ‘उपवासाचे चालेल’ असा लावला जातो. साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचे लाडू खाऊन आलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांची तपासणी पुढे ढकलावी लागली आहे. उपाशी राहणे आणि उपवास करणे यांत फरक आहे. शहाळ्याचे पाणी, गाळलेले लिंबू सरबत, दुधाशिवाय चहा, पेजेवरचे निवळ पाणी आणि मीठ-साखरेचे पाणी चालते. ताक, दूध, सोलकढी, गर असलेला रस चालत नाही. भरपूर द्रव घेतले तर दुसऱ्या दिवशी शीर सहज सापडते, नाडी शांत असते आणि इंजेक्शननंतरची धडधडही कमी जाणवते. मधुमेहाची औषधे आणि इन्सुलिन यांत कोणता बदल करायचा, हे ज्यांच्याकडे उपचार चालू आहेत त्या डॉक्टरांना आधीच विचारावे. नेहमीची मात्रा घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायकरीत्या उतरते.

टेबलावरचा क्रम

रुग्णाने शौचालयात जाऊन मूत्राशय आणि आतडे रिकामे करावे. मग नाडी आणि रक्तदाब पाहून हाताच्या शिरेत सुई लावून ठेवावी. सुई इंजेक्शनपुरती टोचून काढू नये. क्वचित भोवळ आली किंवा रक्तदाब उतरला, तर औषध देण्यासाठी मार्ग तयार असावा लागतो.

नळी घालण्यापूर्वी मूळव्याध किंवा भगेंद्राचा त्रास आहे का, चीर पडली आहे का, हे विचारावे. लिग्नोकेनची सुन्न करणारी जेली गुदद्वारापाशी लावून दोन-तीन मिनिटे थांबावे. ही दोन-तीन मिनिटे कोणीच थांबत नाही, जेली लावली की लगेच नळी सारली जाते, आणि मग जेलीचा उपयोग फक्त वंगण म्हणून होतो. रुग्णाने डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपावे आणि नळी जाताना तोंडाने सावकाश श्वास सोडावा.

हायोसिन देण्याची वेळ हवा सोडण्याच्या लगेच आधीची. रुग्णाच्या अंगावर पांघरूण, नळी जागेवर, यंत्र तयार, मगच इंजेक्शन. ते खोलीबाहेर दिले आणि नंतर नळी, स्थिती, यंत्राची जोडणी यांत दहा मिनिटे गेली, तर परिणामाचा निम्मा काळ वाया गेलेला असतो. पहिली फेरी ठीक होते, दुसऱ्या फेरीत रुग्ण पालथा झोपलेला असताना मुरडा उठतो, आणि ‘इंजेक्शनचा काही फायदा झाला नाही’ असा निष्कर्ष निघतो. औषध मिनिटभर लावून सावकाश द्यावे आणि देताना सांगावे: ‘तोंडाला कोरड पडेल, छातीत थोडे धडधडेल, जवळचे अक्षर अंधुक दिसेल. अर्ध्या तासात सगळे पूर्ववत होईल.’ धडधड आधी सांगितलेली असेल तर रुग्ण ती सहन करतो. न सांगता सुरू झाली तर घाबरतो, आणि घाबरल्याने ती आणखी वाढते.

वायू कोणता, यावरही बरेच अवलंबून आहे. साधी हवा आतड्यात तासन्‌तास राहते. तिच्यातला नायट्रोजन शोषला जात नाही, तो खालून बाहेर पडेपर्यंत पोट फुगलेले असते. कार्बन डायऑक्साइड आतड्याच्या भिंतीतून भराभर रक्तात जातो आणि श्वासावाटे बाहेर पडतो. त्यामुळे तपासणी संपल्यावरचा त्रास लक्षणीय कमी होतो. यंत्राने तो सावकाश, ठरावीक दाबाच्या मर्यादेत सोडता येतो. साधारण तीन-चार लिटर वायू लागतो. मुरडा आला की क्षणभर थांबून, कळ ओसरल्यावर पुढे जावे. ज्या केंद्रात हे यंत्र नसते तिथे रबरी फुग्याने हवा भरतात. ते चुकीचे नाही, पण हात अधिक संथ असावा लागतो. वेळ घेताना ‘तुमच्याकडे कार्बन डायऑक्साइडची सोय आहे का?’ असे विचारण्यात रुग्णाला संकोच वाटू नये.

या साऱ्या काळात एका व्यक्तीने रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहत राहावे. घाम फुटणे, चेहरा पांढरा पडणे, नाडी मंदावणे ही आतडे ताणल्यामुळे येणाऱ्या भोवळीची लक्षणे आहेत. वायू थांबवून थोडा बाहेर सोडावा, पाय उंच करावेत आणि डॉक्टरांना बोलवावे. पसरट, येऊन-जाऊन होणारी कळ अपेक्षित असते. एका जागी अचानक उठलेली आणि न थांबणारी तीव्र वेदना अपेक्षित नसते. आतड्याला छिद्र पडणे ही घटना हजारात एकाहूनही विरळ आहे, पण ती वेळीच लक्षात येण्याचा मुख्य मार्ग म्हणजे रुग्णाचे बोलणे.

याच कारणाने या तपासणीत झोपेचे इंजेक्शन देत नाहीत. रुग्णाला उताणे, पालथे किंवा कुशीवर स्वतः वळावे लागते, श्वास रोखून धरावा लागतो आणि दुखल्यास सांगावे लागते. दुर्बिणीच्या तपासणीत स्थिती निराळी असते. तिथे नळी आतड्याच्या वळणांतून पुढे ढकलताना आतडे आणि त्याला धरून ठेवणारा पडदा ओढला जातो, म्हणून मिडाझोलम, फेंटानिल किंवा प्रोपोफॉल यांचा वापर होतो आणि त्यासाठी ऑक्सिजनची पातळी पाहणारी स्वतंत्र व्यक्ती लागते. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके स्नायूंचा पीळ सोडवत नाहीत. ती आधी घेऊन येण्यात काही अर्थ नाही.

हायोसिन देता येत नसेल तर

ग्लुकागॉन हा पर्याय पुस्तकांत सर्वप्रथम लिहिलेला असतो. हे स्वादुपिंडात तयार होणारे संप्रेरक आहे. मधुमेहींची साखर एकाएकी उतरल्यावर देण्याचे औषध म्हणून ते अधिक परिचित आहे. अमेरिकेत हायोसिन ब्युटिलब्रोमाइड बाजारात नसल्याने तिथल्या क्ष-किरण विभागांत ग्लुकागॉनच वापरतात. जठर आणि लहान आतडे सैल करण्यासाठी ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम आणि मोठ्या आतड्यासाठी ०.५ ते ०.७५ मिलिग्रॅम शिरेतून देण्याची शिफारस औषधाच्या माहितीपत्रकात असते. परिणाम मिनिटभराच्या आत सुरू होतो. डोळा, प्रोस्टेट यांच्याशी त्याचा संबंध येत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

तोटे तीन. ते हायोसिनच्या मानाने बरेच महाग आहे आणि लहान शहरांत आयत्या वेळी मिळेलच असे नाही. त्याने मळमळ आणि उलटी होते, विशेषतः भरभर दिल्यास. आणि सीटी कोलोनोग्राफीत आतडे अधिक चांगले फुगते असे हायोसिनच्या अभ्यासांत दिसले, तसे ग्लुकागॉनच्या बाबतीत ठामपणे दिसलेले नाही. ते जठर आणि लहान आतड्यावर अधिक प्रभावी आहे. फिओक्रोमोसायटोमा, इन्सुलिनोमा किंवा ग्लुकागॉनोमा या दुर्मिळ गाठी असलेल्यांना ते देत नाहीत. मधुमेहींची साखर त्याने तात्पुरती वाढते. उपाशी रुग्णाला तपासणी संपल्यावर काहीतरी गोड किंवा पिठूळ खायला द्यावे, कारण वाढलेली साखर नंतर खाली येते.

आपल्याकडे ड्रोटाव्हेरिन हे पोटातील कळेवरचे औषध सर्रास मिळते. त्याची कार्यपद्धती हायोसिनहून वेगळी असल्याने काही डॉक्टर ते पर्याय म्हणून निवडतात, मात्र आतड्याच्या प्रतिमा घेण्यासाठी हायोसिनइतका अभ्यास त्याचा झालेला नाही, आणि शिरेतून भरभर दिल्यास रक्तदाब उतरू शकतो. बेरियम एनिमात द्रावणात पेपरमिंटचे तेल मिसळल्यास पीळ कमी होतो, असे अभ्यासांत आढळले आहे. बेरियमचे द्रावण अंगाच्या तापमानाइतके कोमट करून वापरणे हा तर बिनखर्चाचा उपाय आहे. थंड द्रावणाने आतडे आकसते.

आणि काहीच न देता तपासणी करणे हाही एक रास्त पर्याय आहे. हृदय नाजूक असेल, तर कार्बन डायऑक्साइड अत्यंत सावकाश सोडून, प्रत्येक कळेला थांबून, इंजेक्शनशिवायही वाचता येण्याजोगी चित्रे मिळतात. वेळ जास्त लागतो, इतकेच.

लहान आतड्याच्या एमआरआयमध्ये

क्रोहन्स आजार किंवा आतड्याचा क्षयरोग यांचा संशय असला, की एमआर एन्टरोग्राफी सांगितली जाते. येथे दुखण्यापेक्षा हालचाल ही मोठी अडचण असते. एमआरआयचे चित्र सावकाश तयार होते आणि तेवढ्यात आतड्याची लाट पुढे सरकली की चित्र पुसट होते. रुग्णाने पाऊण-एक तासात मॅनिटॉल किंवा पॉलिएथिलीन ग्लायकोलचे लिटर-दीड लिटर द्रावण प्यायचे असते. शेवटचा ग्लास टेबलावर जाण्याच्या अगदी आधी घ्यावा, म्हणजे वरचा भागही भरलेला राहतो. मॅनिटॉलने नंतर पातळ जुलाब होतात, हे आधीच सांगून ठेवावे. एसटीने लांबच्या गावी परतणाऱ्यांना ते कळलेले बरे.

येथे इंजेक्शनची वेळ सीटीपेक्षा वेगळी असते. आतड्याची हालचाल टिपणारी चलत्‌चित्रे घ्यायची असतील, तर ती इंजेक्शनपूर्वीच घेतली पाहिजेत, कारण ताठर, आजारी भाग हालचालीच्या अभावावरून ओळखू येतो आणि औषध दिल्यावर सगळेच आतडे स्तब्ध होते. तपासणी लांबते म्हणून काही ठिकाणी २० मिलिग्रॅमची मात्रा विभागून देतात: अर्धी पहिल्या बारीक चित्रांपूर्वी आणि अर्धी शिरेतून रंगद्रव्य देण्याच्या आधी. मुलांसाठी मात्रा वजनावरून ठरते. बंद जागेची भीती असलेल्यांना सौम्य झोपेचे औषध देता येते, पण मग सोबत नातेवाईक हवा आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

घरी जाताना

तपासणीनंतर रुग्णाला सरळ दारापर्यंत सोडू नये. शौचालय जवळ असावे, अर्धा तास बसवून ठेवावे, पाणी आणि हलके खाणे द्यावे, लघवी झाली का ते विचारावे. जवळचे अक्षर स्पष्ट वाचता येईपर्यंत दुचाकी किंवा चारचाकी चालवू नये. येताना स्वतः स्कूटर चालवत आलेले आजोबा जातानाही तीच चालवायला उत्सुक असतात, म्हणून सोबत कोणी तरी असावे हे वेळ देतानाच बजावावे.

पोट थोडे फुगलेले राहणे, वायू सरणे, सौम्य कळ येणे हे त्या दिवसापुरते स्वाभाविक आहे. चालल्याने आणि कोमट पाण्याने बरे वाटते. पोट ताठर होऊन वेदना वाढत जाणे, ताप येणे, शौचावाटे रक्त पडणे, छातीत दुखणे, बराच वेळ लघवी न होणे किंवा वर सांगितल्याप्रमाणे डोळा लाल होऊन दुखणे, यांपैकी काहीही झाल्यास रुग्णालयाशी लगेच संपर्क साधावा. तपासणीच्या कागदावर तो संपर्क क्रमांक छापलेला आहे का, हे निघण्यापूर्वी पाहून घ्यावे.

त्याच कागदावर आणखी एक ओळ मागून घ्यावी: कोणते इंजेक्शन दिले, किती मिलिग्रॅम, किती वाजता, आणि त्याने काही त्रास झाला का. तीन-चार वर्षांनी पुन्हा तपासणीची वेळ आली, की नव्या ठिकाणच्या डॉक्टरांना ती एक ओळ फार उपयोगी पडते.